परतीचे तिकीट

सहलीला जाणे चांगले की वाईट, असा प्रश्न कोणी विचारला तर लोक त्याला वेड्यात काढतील. चार मित्र वर्गणी काढून चार दिवस समुद्रावर जाऊन येतात, त्यात कोणाचे काय बिघडते? बहुतेक वेळा काही बिघडत नाही, हे खरेच आहे. तरीपण एक प्रश्न मागे उरतो, आणि आमच्यासारख्या सीमेवरच्या माणसांना तो जरा जास्त टोचतो असे मला वाटते. प्रश्न असा की, ज्या गावाशी आपले काही देणेघेणे नाही त्या गावाकडे, तिथल्या माणसांच्या रोजच्या जगण्याकडे, केवळ आपल्या सुखासाठी पाहत बसण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला? तिकिटाचे आणि लॉजचे पैसे मोजले की तो मिळतो काय?

पूर्वी आपल्याकडे प्रवासाला कारण लागत असे. बाजार, सोयरीक, कोर्टाची तारीख, नोकरी, नाहीतर देव. विनाकारण हिंडणाऱ्याला उडाणटप्पू म्हणत. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेकडे गेले ते मुलूख पाहण्याच्या हौसेने गेले नव्हते. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी बातमी होती. पुढे झाशीचा वेढा त्यांना आत राहून पाहावा लागला, मिळवलेले लुटले गेले, आणि घरी आणली ती मुख्यतः गंगेची कावड. 1907 साली ‘माझा प्रवास’ छापून निघाले म्हणून हे आपल्याला कळते. त्यांना जे दिसले ते अंगावर घेऊन दिसले.

काशीयात्रेला जाणाऱ्यांचीही एक रीत होती. यात्रेकरू परतला की मावंदे घालीत असे. गंगेचे पाणी थोडे थोडे सगळ्यांना द्यायचे आणि गावाला जेऊ घालायचे. त्यामागे पुण्याचा विचार असेल तो असो, पण एक साधा हिशेबही होता. जो जाऊ शकला तो, जे जाऊ शकले नाहीत त्यांचे काही देणे लागतो. आजच्या सहलीत असा हिशेब नाही. सहलीहून आलेला माणूस फार तर फोटो दाखवतो, आणि पाहणाऱ्याला ते पुरे होईपर्यंत बसून राहावे लागते.

सहलीच्या भाषेतला ‘प्रेक्षणीय स्थळे’ हा शब्द मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. प्रेक्षणीय म्हणजे पाहण्याजोगे. पण कोणी पाहण्याजोगे? कुंटाळ्याच्या धबधब्याशेजारी राहणारा माणूस सकाळी उठून धबधबा पाहत नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याची यादी काढली तर कुंटाळा येईल, पोचेरा येईल, जैनथचे मंदिर आणि केसलापूरचा नागोबा येईल. भीमपूर त्या यादीत नाही, आणि त्याचे आम्हाला कधी वाईट वाटले नाही. 2016 साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा तामसी मंडलातून आमचे भीमपूर मंडल वेगळे निघाले. एका अंगाला पैनगंगा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. अलीकडच्या पाट्या तेलुगूत, पलीकडच्या मराठीत, आणि चुलीवरची भाकर दोन्हीकडे ज्वारीचीच.

पलीकडे टिपेश्वरचे अभयारण्य आहे, सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचे. तिथे नागपूरहून, हैदराबादहून माणसे येतात, पहाटे चारला उठून गाडीत बसतात, वाघ दिसला तर जन्माचे सार्थक झाले म्हणतात, न दिसला तर पुन्हा येतात. वाघाला राज्याची हद्द माहीत नाही. तो शिकारीच्या मागे पैनगंगा ओलांडतो आणि आमच्या शिवारातल्या पऱ्हाटीत येऊन बसतो. मग वेचणीच्या बाया शेतात यायला तयार होत नाहीत. आल्या तरी घोळक्याने येतात आणि ऊन खाली उतरायच्या आत निघून जातात. कोणाची गाय जाते, कोणाचे वासरू जाते, पंचनामा होतो. वाघ तोच, त्याचे पट्टेही तेच. पलीकडे तो दृश्य आहे आणि अलीकडे तो आपत्ती आहे. मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला एकच फरक सापडला. पलीकडून पाहणाऱ्याच्या खिशात परतीचे तिकीट असते.

गेल्या मे महिन्यात हे परतीचे तिकीट आमच्याही खिशात होते. आम्ही चौघे विशाखापट्टणला गेलो. एक आमचे गुरुजी, मराठी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले. दुसरे जिनिंगमधले मुनीमजी. तिसरा पैनगंगेकाठचा कापूसवाला शेतकरी, ज्याला लहानथोर सगळे भाऊ म्हणतात. आणि चौथा मी. नावे सांगत नाही, कारण तिघेही मंडलात ओळखीचे आहेत आणि दोघांच्या घरी हा अंक येतो.

समुद्राशी आमच्या जिल्ह्याचे नाते मोठे विचित्र आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानाला समुद्र नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 ला किनवट आणि राजुरा आमच्यातून काढून मराठी मुलुखाला जोडले गेले, आणि उरलेले आम्ही आंध्र प्रदेशात गेलो. त्या दिवशी आम्हाला सुमारे 970 किलोमीटरचा किनारा मिळाला. शाळेच्या नकाशात आमची पोरे तो निळ्या पेन्सिलीने रंगवू लागली. 2 जून 2014 ला तेलंगण झाले आणि समुद्र गेला. मिळाला तेव्हा घरातले कोणी समुद्रावर नव्हते, गेला तेव्हाही नव्हते. सत्तावन्न वर्षे समुद्राची मालकी भोगून आमच्या घरातल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नव्हता.

आदिलाबादहून कृष्णा एक्स्प्रेसने सिकंदराबाद आणि तिथून गोदावरी एक्स्प्रेसने रात्रभर, असा प्रवास. मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी राजमहेंद्रीच्या पुलावर आली. भाऊ जागाच होता. त्याने मला हलवून उठवले आणि खिडकीतून नाणे टाकले. “हे आपलंच पानी हाय,” म्हणाला. आणि ते खरेच आहे. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता काळेश्वरला गोदावरीत उतरते. आमच्या शिवारावरून गेलेला पावसाळा आमच्या आधी समुद्रावर पोचलेला असतो, आणि त्याला तिकीट लागत नाही. परतीचेही नाही.

विशाखापट्टणचे वर्णन मी करत बसणार नाही. ते करणारे पुष्कळ आहेत. शहर देखणे आहे, रस्ते स्वच्छ आहेत, ऊन लख्ख आहे पण आमच्याकडच्यासारखे भाजत नाही, घाम मात्र अंघोळ घालतो. माणसे अगत्याची. आमचे तेलुगू मराठीच्या चालीवर चालते हे तिथल्या माणसाला दुसऱ्या शब्दाला कळते, आणि तो विचारतो, “मीदि ए ऊरंडी?” आदरार्थी ‘अंडी’ तिकडे प्रत्येक वाक्याला असते, आमच्याकडच्या तेलुगूत ते फारसे नाही. मराठी कानाला मात्र समोरचा माणूस दर वाक्याला अंडी मोजतो आहे असे वाटते. मुनीमजी, जे माळकरी आहेत, पहिल्या दिवशी खानावळीत दचकलेच होते.

रामकृष्ण बीच झाला, कैलासगिरी झाला, ऋषिकोंडा झाला. ‘झाला’ हे क्रियापद मुद्दाम लिहितो आहे, सहलीत ते सारखे ऐकू येते. भीमुनिपट्टणला गेलो, कारण भीमपूरच्या माणसांनी तिथे जाणे भागच होते. भीमाने आमच्याकडे नदीकाठ घेतला आणि तिकडे समुद्रकाठ, एवढाच फरक. तिथे डच लोकांची जुनी कबरस्ताने आहेत. व्यापाराला आलेली माणसे, परत जाणे नशिबात नव्हते. त्या दगडांपुढे लोक आता हसून फोटो काढतात. आमचेही निघाले.

बीचवर ‘कुरसुरा’ नावाची पाणबुडी वाळूवर आणून ठेवली आहे. सोव्हिएत रशियात बांधलेली, 1969 साली नौदलात आली, 2001 साली निवृत्त झाली, आणि 2002 पासून लोकांना पाहायला खुली आहे. आत शिरताना वाकावे लागते, दोन माणसे शेजारून जाऊ शकत नाहीत. गुरुजी मला म्हणाले, “कोणाला दिसू नये म्हणून केलेली वस्तू, आणि आपण रांगेत उभे राहून तीच पाहतोय.” हे वाक्य माझ्या डोक्यात राहिले.

भाऊ समुद्रापुढे बराच वेळ गप्प उभा होता. शेवटी म्हणाला, “एवढं पानी, अन् एका एकराच्या कामाचं नाही.” आम्ही हसलो. पण समुद्राकडे पाहून ओलिताचा विचार ज्याच्या मनात आला, त्यालाच पुढची गोष्ट नीट कळली असे मला वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बीच रोडने पायी पुढे गेलो आणि पेद्द जालारिपेटेत पोचलो. जालारी म्हणजे तिकडचे मासेमार. वाळूवर रंगीत होड्या ओळीने ओढून ठेवल्या होत्या, सावलीत पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते, आणि समोर समुद्र रिकामा, निळा, स्वच्छ. मुनीमजी खूश झाले. म्हणाले, “काय सुरेख मांडून ठेवल्यात होड्या! अन् दर्या कसा मोकळा!”

तो मोकळा होता याचे कारण त्या दिवसांत मासेमारीला बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर दरवर्षी 15 एप्रिल ते 14 जून, एकसष्ट दिवस, यंत्राच्या आणि मोटारीच्या होड्या समुद्रात न्यायच्या नाहीत. माशांच्या विणीचा काळ सांभाळावा म्हणून हा नियम आहे आणि तो शहाणपणाचा आहे. बिनमोटारीच्या लहान तराफ्यांना मुभा असते. सरकार या दिवसांसाठी मदत देते. पण दोन महिने घरातला कर्ता माणूस वाळूवर बसून असतो. आमच्या शाळांना सुट्या मे महिन्यात, म्हणून आमच्या सहली मे महिन्यात. आमच्यासारखे हजारो लोक नेमके तेव्हाच समुद्र पाहायला जातात जेव्हा त्या समुद्राचे काम बंद असते. आम्ही ज्याला सुंदर मोकळा देखावा म्हणत होतो तो कुलूप लावलेला कारखाना होता. जिनिंगच्या आवारात उन्हाळ्यात जी शांतता असते ती मुनीमजींना चांगली माहीत आहे. तिला ते सुंदर म्हणत नाहीत.

एक म्हातारी सुकी मासळी निवडत बसली होती. मुनीमजींनी फोन काढला. ती वर न पाहताच म्हणाली, फोटो घ्या, पण मग मासळीही घ्या. मुनीमजींनी फोन खिशात ठेवला. माळ घातलेला माणूस करणार काय! भाऊ मात्र खाली वाळूत बसला. अर्धा किलो मासळी त्याने घेतली आणि बोलत राहिला. बंदी किती दिवस, डिझेलचा भाव काय, जाळे किती वर्षे टिकते. व्यापारी आधी उचल देतो आणि मग माल त्याच्याच भावाने घ्यावा लागतो, हे ती सांगू लागली तेव्हा भाऊच्या तेलुगूला एकदम धार आली. आमच्याकडे अडत्याचे नाव निघाले की मराठीला येते तशीच.

मग तिने विचारले, तुम्ही काय पिकवता? भाऊ म्हणाला, “पत्ति.” कापूस. ती म्हणाली, तिच्या सासूच्या काळी जाळी कापसाच्या सुताची असत, घरी विणत; आता सगळी नायलॉनची. जन्मभर सुती लुगडे नेसली, पण कापसाचे शेत तिने कधी पाहिले नव्हते. आणि मग तिने आम्हाला कोणी कधी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला. कापसाचे शेत पाहायला छान असते का? “चूड्डानिकि बागुंटादा?”

भाऊला उत्तर सुचेना. कापसात त्याची पस्तीस वर्षे गेली आहेत. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलतात ती त्याला ठाऊक. किलोवर ठरणारी वेचणीची मजुरी ठाऊक. गुलाबी बोंडअळी ठाऊक, आणि आदिलाबादच्या यार्डात ओलावा जास्त म्हणून भाव पाडतात तो क्षण ठाऊक. शेत छान दिसते की नाही हे त्याने स्वतःला विचारलेच नव्हते. तो समुद्राकडे पाहत राहिला आणि थोड्या वेळाने म्हणाला, “दूरं नुंचि.” लांबून.

म्हातारी हसली. समुद्राकडे हात करून तीही तेच म्हणाली.

त्या एका शब्दावर आम्ही रात्री लॉजच्या गच्चीवर बसून दोन तास वाद घातला. मुनीमजींचे म्हणणे ठाम होते. आपण चोरी केली नाही, कोणाला त्रास दिला नाही. रिक्षावाला, खानावळवाला, मुरी मिक्स्चरवाला यांना आपल्यामुळेच चार पैसे मिळाले. सहली बंद करून बीचवरच्या गाडेवाल्यांनी काय खायचे? आणि मग ते जरा वेगळ्या आवाजात म्हणाले, “श्रीमंत लोकं थायलंडले जातात, त्याइले कोनी इचारत नाही. माही माय पंच्याहत्तर वर्सांची होऊन गेली, समुद्र नाही पाह्यला तिनं. आमी पाह्यला तं आता त्याचाबी हिशेब द्या?”

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. सहलीवर नैतिक टीका करणारे बहुधा भरपूर फिरून झालेले असतात. ज्याच्या तीन पिढ्या शिवाराबाहेर पडल्या नाहीत त्याने चार दिवस समुद्राकडे नुसते पाहत बसणे हा चैनीचा विषय नाही. तो न्यायाचाही विषय आहे. नुसते पाहणे, कोणत्याही उपयोगाशिवाय पाहणे, हे माणसाला लागते. बैलालाही चारा खाऊन झाल्यावर बांधावर उभे राहायला आवडते.

आणि दुसरे असे, की भाऊने ‘नाही’ असे उत्तर दिले नव्हते. लांबून छान दिसते, असे तो म्हणाला. लांबून दिसणारी शोभा काही खोटी नव्हे. कार्तिकातल्या चांदण्यात पांढरेशुभ्र फुटलेले शिवार सुंदर असतेच; त्यात राबणाऱ्याला ते पाहायला सवड आणि अंतर नसते, इतकेच. कधी कधी परक्याच्या डोळ्यानेच आपल्याला आपले गाव दिसते. म्हणून परतीचे तिकीट असलेल्या माणसाचे पाहणे मी सरसकट पाप मानायला तयार नाही. गुरुजी म्हणाले, पैसे दिले की पाहण्याचा हक्क मिळतो, ओळखीचा मिळत नाही. आणि आपण परत गेल्यावर ओळख असल्यासारखे बोलतो. मला वाटते दोष असेल तर तिथे आहे. ‘वैजाग पाहून झाले’ या वाक्यात आहे.

दुसऱ्या दिवशी परतीच्या आधी सिंहाचलमला गेलो, तेव्हा गुरुजींच्या म्हणण्याला एक अनपेक्षित आधार मिळाला. तिथला वराहनरसिंह वर्षभर चंदनाच्या लेपाखाली असतो. अक्षय्य तृतीयेला तो लेप उतरवतात आणि त्या एकाच दिवशी, काही तासांपुरते, मूळ रूप दिसते. त्याच रात्रीपासून लेप पुन्हा चढू लागतो, आषाढी पौर्णिमेपर्यंत टप्प्याटप्प्याने. त्या एका दिवसासाठी लोक जिवावर उदार होऊन येतात. 30 एप्रिल 2025 च्या पहाटे पावसात रांगेवर भिंत कोसळून सात भाविक गेले. आम्ही गेलो तेव्हा ती तिथी होऊन गेली होती. समोर जे दिसले ते चंदन होते. रांगेतल्या प्रत्येकाला हे माहीत होते, तरी प्रत्येकजण हात जोडून ‘दर्शन झाले’ म्हणत होता, आणि त्यात लबाडी नव्हती. आपण लेप पाहतो आहोत हे ठाऊक असून पाहणे ही एक वेगळीच गोष्ट आहे. जालारिपेटेचा रिकामा निळा समुद्र हाही लेपच होता. म्हातारीने नखाने थोडा खरवडून दाखवला.

पूर्ण लेप उतरलेला पाहायचा तर राहावे लागते. आमच्या जिल्ह्यात असा एक पाहणारा होऊन गेला. 1940 साली जोडेघाटला कुमरम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारला गेल्यानंतर, गोंडांच्या असंतोषाचे मूळ काय ते शोधायला सरकारने ख्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला पाठवले. तो मारलवाईत झोपडी बांधून पत्नीसह राहिला. 1943 साली तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली, ही गोष्ट मराठी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून तो सरकारशी भांडला. पत्नी बेट्टी 1987 साली हैदराबादला वारली तेव्हा तिला मारलवाईला आणून पुरले. तो स्वतः 1995 साली गेला. त्याचीही समाधी शेजारी आहे. पाहायला आलेल्या माणसाने परतीचे तिकीट फाडून टाकावे, असे क्वचित घडते. चार दिवसांची रजा काढून गेलेल्या मुनीमजींकडून त्याची अपेक्षा करणे हास्यास्पद होईल.

पण आमच्याच डोंगरात, या दिवाळीच्याच दिवसांत, मित्रमंडळींनी मिळून परगावी जाण्याची आणखी एक रीत आहे, आणि माझ्या मते ती या प्रश्नाला हायमेनडॉर्फपेक्षा जवळची आहे. ती म्हणजे दंडारी. गोंडांच्या गावातले तरुण मोरपिसांचे मोठे टोप चढवतात, अंगाला राख फासतात, गुसाडी होतात, आणि ढोल-तुडुम घेऊन दुसऱ्या गावाला, बहुतकरून सोयरिकीच्या गावाला, पाहुणे म्हणून जातात. रात्रभर नाचतात. यजमान गाव त्यांना जेऊ घालते, दुसऱ्या दिवशी निरोप देते. मग त्या गावची दंडारी उलट भेटीला येते. हीही सहलच आहे. मित्रही आहेत, गाणी आहेत, दोन दिवस शेत विसरणे आहे. फक्त इथे पाहुणा स्वतःच देखावा असतो. तो पाहायला जातो त्याहून जास्त दाखवायला जातो, जेवतो म्हणून ऋणी होतो, आणि ते ऋण पुढे स्वतःच्या अंगणात फेडतो. मारलवाईचे कनकराजू यांना गुसाडी नृत्यासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर 2024 मध्ये ते गेले. आता दंडारीच्या मागेपुढे कॅमेरे असतात. कॅमेरेवाले जेवून जातात की नाही ते पाहिलेले नाही, पण त्यांच्या अंगणात उलट भेटीला कोणाला बोलावल्याचे ऐकिवात नाही.

जालारिपेटेच्या म्हातारीने भाऊला शेताबद्दल विचारले तेव्हा ती नकळत दंडारीच्या रीतीने वागत होती. तुम्ही माझे पाहिले, आता तुमचे दाखवा. आणि भाऊला, अर्धा किलो मासळी मांडीवर घेऊन, आपले शेत तिला दाखवता येईना. फोनमध्ये कापसाचा एकही फोटो नव्हता. नातवाच्या लग्नाचे, बैलाचे आणि पंचनाम्याला काढलेल्या वासराचे होते. वासराचा त्याने दाखवला. तिने वाघाबद्दल विचारले. त्याने सांगितले. तो दिसायला कसा असतो हे मात्र तिने विचारले नाही.

भाऊने तिला भीमपूरला या म्हणून सांगितले. तोंडदेखले नव्हे, नातवाच्या फोनवर आपला नंबर टाकून घेतला, आदिलाबादला उतरल्यावर घ्यायला येतो म्हणाला. परतीच्या गाडीत त्याचा हिशेब चालू होता. तिला मोकळीक असते ती बंदीच्या दिवसांत, एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. तेव्हा आमच्या शिवारात पऱ्हाटी उपटून झालेली असते, वखरलेली काळी जमीन आणि ऊन याशिवाय काही नसते. शेत पांढरे असते ते दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, आणि तेव्हा तिच्या होड्या समुद्रात असतात, ती मासळी सोडून येऊ शकत नाही. आम्हीही वेचणी सोडून जाऊ शकत नाही. म्हणून तर मे महिन्यात गेलो.

या दसऱ्यानंतर भाऊने पहिल्या वेच्यातली चार फुटलेली बोंडे देठासकट बाजूला काढून ठेवली आहेत. पार्सल नीट जाईल की वाटेत चुरा होईल, एवढेच त्याने मुनीमजींना विचारले.